वहीतला पावशेर डिंक

माझ्या आईच्या पाककृतींच्या वहीत डिंकाच्या लाडवांखाली पहिली ओळ अशी आहे: ‘डिंक पावशेर, तुपात फुलवून घेणे.’ कुठल्या झाडाचा डिंक, ते तिने लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजच वाटली नसावी. आमच्या अमरावतीच्या घरी डिंक यायचा तो मेळघाटाकडून, आणि तो धावड्याचा असायचा. दुसरा डिंक असतो हे घरात कुणाच्या मनातही येत नसे.

ती वही पिशवीत घालून मी गेल्या डिसेंबरात चंडीमंदिरला गेले. जावई सैन्यात आहे, त्याची बदली तिथे झालेली; मुलगी पहिल्या बाळंतपणानंतर नुकतीच घरी आली होती. चंदीगडहून शिमल्याकडे निघाले की पंचकुला ओलांडल्यावर शिवालिकच्या पायथ्याशी ही छावणी लागते. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय १९८५ मध्ये शिमल्याहून इथे आले. ज्या चंडीच्या देवळावरून गावाला हे नाव पडले, त्याच देवळाने चंदीगड शहरालाही नाव दिले. छावणीतल्या त्या घराच्या गच्चीतून रात्री कसौलीचे दिवे दिसत आणि सकाळी घग्गरच्या बाजूने असे धुके येई की समोरचे झाड दिसत नसे. अशा थंडीत लाडू करायचे होते. खारीक, खोबरे, गोडंबी सगळे मी बरोबर नेले होते. डिंक तेवढा विसरले.

कालक्याच्या जुन्या बाजारातून जावयाने डिंक आणून दिला. फिकट पिवळसर, पापुद्र्यासारखे चपटे तुकडे. मी तूप तापवले, मूठभर डिंक सोडला आणि फुलण्याची वाट पाहिली. तो फुलला नाही. तपकिरी झाला, कडक झाला, आणि कढईच्या तळाशी खड्यांसारखा पडून राहिला. दुसरा घाणा घातला, तसाच. मुलगी आतून म्हणाली, “आई, डिंक जुना असेल.” मला वाटले तूपच नीट तापले नसेल. दोघींचेही चुकले होते.

दुसऱ्या दिवशी मीच दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्या हातातली पुडी पाहिली आणि हसून म्हणाला, “माताजी, ये तो कतीरा है. गर्मी में भिगोने वाला. लड्डू वाला गोंद दूसरा है.” मग त्याने तीन डबे माझ्यासमोर उघडले. पहिल्यात मी नेलेला कतीरा. दुसऱ्यात मधाच्या रंगाचे, काचेसारखे गोल खडे, म्हणजे लाडवांचा गोंद. तिसऱ्यात माणकासारखे लालभडक बारीक तुकडे. त्याचे नाव त्याने सांगितले ‘कमरकस’.

मराठीत आपण या तिघांनाही डिंक म्हणून मोकळे होतो. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू नांदत असतात हे मला त्या दुकानात कळले. पुढचे दोन महिने बाळ झोपलेले असताना मी डिंकाच्याच मागे होते.

डिंक म्हणजे झाडाच्या जखमेवरचा उपाय. साल फाटली, किडीने पोखरली, कुऱ्हाडीचा घाव बसला की काही झाडे त्या जागी एक चिकट रस सोडतात. तो हवेत वाळतो आणि जखम बंद होते. हा रस रासायनिक दृष्ट्या साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो, आणि त्या साखळ्यांना पाण्याची भारी ओढ असते. पण साखळीची घडण प्रत्येक झाडात वेगळी. बाभळीच्या कुळातल्या डिंकाची साखळी फांद्याफांद्यांची आणि गुंडाळलेली असते, लोकरीच्या गुंड्यासारखी. त्यामुळे तो पाण्यात पूर्ण विरघळतो, पण पाणी फारसे दाट होत नाही. शंभर भागांत तीस भाग डिंक असला तरी द्रव ओतता येतो. कतीरा याच्या उलट. तो नीट विरघळतच नाही. पाणी पिऊन फुगतो. कांडोळाच्या झाडाचा डिंक तर आपल्या आकारमानाच्या साठ पटींहूनही अधिक फुगतो. रात्री चमचाभर भिजत घातला की सकाळी वाडगाभर थरथरता लगदा होतो. पंजाब-हरियाणात उन्हाळ्यात तो सरबतात आणि दुधात घालतात, पोटाला गार म्हणून.

तुपातली गोष्टही याच घडणीची आहे. लाडवांच्या डिंकाच्या खड्यात थोडे पाणी अडकलेले असते. कडक तुपात खडा मऊ पडतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो लाहीसारखा फुलतो. फुलल्यावर त्याच्या पोकळीत तूप आणि गूळ मुरतो, म्हणून लाडू कुरकुरीतही होतो आणि बांधलाही जातो. कतीऱ्याला हे साधत नाही.

खरा कतीरा इराणच्या डोंगरांतल्या काटेरी झुडपांचा. भारतात मात्र त्याच नावाने कांडोळाचा आणि सोनसावरीचा डिंकही विकला जातो. म्हणजे कालक्याच्या डब्यातला तो ‘परका’ कतीरा कदाचित माझ्याच सातपुड्यातला होता आणि मी त्याला ओळखले नव्हते.

तिसऱ्या डब्यातल्या कमरकसाने मला आणखी खजील केले. शेजारच्या क्वार्टरमधल्या पंजाबी आजी बाळाला पाहायला आल्या, त्या पंजीरीचा डबा घेऊन. कणीक, तूप, सुकामेवा, गोंद आणि कमरकस. कंबर कसणारा म्हणून कमरकस, बाळंतिणीलाच द्यायचा. मी चौकशी केली तेव्हा कळले की तो पळसाचा डिंक. विदर्भात फाल्गुनात डोळे दिपवणारा, पानांच्या पत्रावळी देणारा आमचा पळस. त्याचा लाल रस बाळंतिणीच्या डब्यात असतो हे मला त्या आजींनी शिकवले. आम्ही दोघी एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच समजत होतो, पण कंबरेचा विषय दोघींना पुरता समजत होता.

जानेवारीत एके दिवशी मुलीने मला बळेच घराबाहेर काढले आणि चंदीगडच्या सरकारी संग्रहालयात पाठवले. ल कॉर्बुझिएने आखलेली ही इमारत ६ मे १९६८ ला लोकांसाठी खुली झाली. तिच्यातल्या संग्रहाचा उगम मात्र लाहोरचा. फाळणीनंतर लाहोर संग्रहालयातल्या वस्तूंची वाटणी झाली, साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. भारताच्या वाट्याला आलेल्या गांधार मूर्ती आणि पहाडी लघुचित्रे फिरत फिरत शेवटी इथे पोचली. चंदीगडच्याच पंजाब विद्यापीठातले ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी यांनी हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या पंड्यांच्या वह्या चाळून पहाडी चित्रकारांची घराणी शोधली, आणि गुलेरच्या नैनसुखाला त्याचा कुलवृत्तांत मिळवून दिला. ते २०२३ मध्ये गेले.

मी त्या चित्रांपुढे उभी होते आणि मनात डिंकच होता. कारण ती चित्रे कागदावर टिकून आहेत ती डिंकाच्या जिवावर. दगड, माती, शिंपला, नीळ यांची पूड नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर झडून जाते. चित्रकार ती डिंकाच्या पाण्यात घोटत. डिंक कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर तडकतो. इथे दाटपणा कमी आणि चिकटपणा जास्त असा बाभूळवर्गीय डिंकच लागतो, कारण एका केसाच्या कुंचल्यातून रंग वाहायला हवा. कतीरा घातला असता तर नैनसुखाच्या पात्रांना पापण्या मिळाल्या नसत्या.

तेथून माझे मन साहजिकच बोरूकडे गेले. आपली जुनी शाई म्हणजे काजळ आणि डिंकाचे पाणी, तासन्तास खललेले. काजळ पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते किंवा तळाशी बसते. डिंक त्याचे कण वेगवेगळे धरून ठेवतो, शाईला एवढा दाटपणा देतो की ती कागदावर फुटत नाही, आणि वाळल्यावर अक्षराला काळी चकाकी आणतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हात न उचलता ओळ ओढायची असे. शाई फार दाट झाली तर बोरू अडणार, फार पातळ झाली तर अक्षर पसरणार. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. पानिपत चंडीमंदिरापासून दक्षिणेला दीड-एकशे किलोमीटरवर. ज्या मुलखातून मराठी फौजांची पत्रे दक्षिणेत गेली, त्याच मुलखात बसून मी विचार करत होते की ती पत्रे दीडशे वर्षांनंतरही राजवाड्यांना वाचता आली याचे थोडे श्रेय कुठल्यातरी झाडाच्या जखमेलाही आहे. या शाईचे एक दुखणेही आहे. डिंक पाण्याचा, म्हणून पाण्यातच सुटतो. गळक्या छपराखालची दप्तरे धुऊन निघाली ती यामुळे.

त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला डिंकासाठी चक्क लढाई झाली होती. युरोपात कापडावर ठसे मारून छपाई करण्याचा धंदा भरभराटीला आला होता, आणि ती कला त्यांनी हिंदुस्थानच्या छिटांवरूनच उचललेली. ठशाला लावलेला रंग किंवा तुरटीचे पाणी धाग्यातून पसरू नये म्हणून ते डिंकाने दाट करावे लागते. उत्तम डिंक सेनेगल नदीच्या मुखाशी, फ्रेंचांच्या ताब्यातल्या सेंट लुईच्या ठाण्यातून येई. इंग्रज व्यापारी त्यावर अवलंबून होते. थॉमस कमिंग नावाच्या व्यापाऱ्याने सरकारच्या मागे लागून मोहीम काढायला लावली आणि १७५८ मध्ये इंग्रजांनी ते ठाणे जिंकले. हा कमिंग क्वेकर पंथाचा होता, म्हणजे शस्त्र न धरण्याचे व्रत असलेला. डिंकाच्या भावापुढे व्रताचे काय झाले ते इतिहासात दिसतेच. १८४० मध्ये इंग्लंडात पहिले टपाल तिकीट निघाले, तेव्हा त्याच्या पाठीवरही बटाट्या-गव्हाच्या स्टार्चबरोबर हा डिंक होता.

या व्यापारात मुंबईही होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ‘ईस्ट इंडिया’ डिंक म्हणून जो माल युरोपात जाई, त्याचा बराच भाग मुळात एडनहून आणि तांबड्या समुद्राच्या बंदरांतून आलेला असे. इथे तो निवडायचा, प्रत लावायची आणि पुढे पाठवायचा. आपल्या डोंगरांतला धावड्याचा डिंकही बाहेर जाई. व्यापारी जगात त्याचे नाव आजही ‘घत्ती’ आहे. घाटांच्या वाटांनी खाली उतरणारा म्हणून घाटी, त्याचे घत्ती झाले असे सांगतात. दाटपणात तो बाभूळ आणि कांडोळ यांच्या मधला. तेल आणि पाणी यांची मोट बांधण्यात मात्र पटाईत. आईच्या वहीत ज्याला नाव नाही तो डिंक परदेशी पाठ्यपुस्तकात आपल्या घाटाचे नाव घेऊन बसला आहे.

कांडोळाची कथा मला सर्वांत जवळची वाटली, कदाचित तेव्हा घरात दवाखान्याचे वातावरण होते म्हणून. सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर पांढऱ्या सालीचे, चांदण्यात भुतासारखे दिसणारे हे झाड. त्याला काही ठिकाणी भुत्याच म्हणतात. त्याच्या डिंकाला जुना झाला की व्हिनेगरचा वास येतो. १९५२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी या डिंकाची पूड एका वेगळ्याच कामाला लावली. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन ज्यांच्या पोटावर मलमार्ग काढावा लागे, त्यांची भोवतालची कातडी गळणाऱ्या स्रावाने भाजून निघे. ही पूड ओलावा शोषून फुगते आणि कातडीला घट्ट चिकटते. तिच्या कड्यांमुळे पिशवी नीट बसू लागली, आणि हजारो रुग्ण घराबाहेर पडू शकले. नॉर्मा गिल ही त्यांचीच रुग्ण. १९५८ पासून ती इतर रुग्णांना हे शिकवू लागली आणि परिचर्येची एक नवी शाखा उभी राहिली. कांडोळ आपली जखम ज्या रसाने बुजवतो, त्यानेच परक्या देशातल्या माणसांच्या जखमा सांभाळल्या.

मग गवार. हा खोडातून पाझरणारा डिंक नव्हे, बियांच्या आतल्या गराची पूड. पण दाटपणात सर्वांचा राजा. त्याची साखळी सरळ आणि लांब असते, त्यामुळे थंड पाण्यातही शंभराला एक भाग टाकला की पाणी मधासारखे होते. आपण शतकानुशतके शेंगा तीळकूट लावून खाल्ल्या, हरियाणा-राजस्थानात ती जनावरांना घातली; बियांची ही ताकद बाहेर आली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेतल्या कागद कारखान्यांना भूमध्य सागराकडून कॅरोबच्या बियांचा डिंक येई. हिरे तोलण्याचा ‘कॅरट’ हा शब्दही त्याच बियांवरून आला. युद्धात ही वाट बंद झाली आणि शोध घेता घेता संशोधक गवारीपाशी पोचले. आइस्क्रीम, सॉस, औषधी गोळ्या, कापडछपाई, सगळीकडे ती गेली. आज जगातली बहुतेक गवार भारतात पिकते. राजस्थान पहिला, त्यामागे हरियाणा. चंडीमंदिरच्या बाजूला ती दिसत नाही, पण हिसार, सिरसा, भिवानीच्या रेताड जमिनीत खरिपाला तीच असते.

जावयाचा एक सहकारी भिवानीकडचा. त्याने २०१२ ची आठवण सांगितली. अमेरिकेत खडकांच्या थरांतून तेल आणि वायू काढण्यासाठी जमिनीत खोल, प्रचंड दाबाने पाणी सोडू लागले होते. त्या पाण्याबरोबर वाळू खडकाच्या भेगांत जायला हवी, नाहीतर भेगा पुन्हा मिटतात. नुसत्या पाण्यात वाळू तळाशी बसते, गवारीने दाट केलेल्या पाण्यात ती तरंगत जाते. मागणी अशी उसळली की गवारबियांचा भाव काही महिन्यांत अनेक पटींनी वाढून क्विंटलला २५,००० रुपयांच्या वर गेला. मार्च २०१२ मध्ये सरकारला वायदेबाजारातले गवारीचे व्यवहार थांबवावे लागले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. “हमारे यहाँ लोगों ने ट्रैक्टर लिए, पक्के मकान बनाए,” तो म्हणाला. पुढच्या वर्षी सगळ्यांनीच गवार पेरली. भाव उतरले, आणि २०१४ नंतर तेलच स्वस्त झाले तेव्हा आणखी उतरले. त्याच्या गावातले एक घर त्या वर्षापासून अर्ध्या भिंतीवर थांबले आहे. टेक्सासमध्ये विहीर खणायची की नाही यावर भिवानीतली भिंत उभी राहते, हे माझ्या शिकवण्यातल्या कुठल्याही धड्यापेक्षा स्पष्ट होते.

निदान गवारीचा शेतकरी भाव तरी ऐकून असतो. डिंक वेचणाऱ्याचे तसे नाही. मेळघाटात आणि सातपुड्यात कोरकू, भिल्ल, पावरा कुटुंबे उन्हाळ्यात, शेतीचे काम नसते तेव्हा, झाडे हिंडून डिंक गोळा करतात. महाराष्ट्रात १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, ते अशा वनोपजाला खात्रीचा खरेदीदार मिळावा म्हणूनही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वेचणाऱ्यांना दिली. पण मालकी मिळाली तरी झाड उरायला हवे. खोल घाव घातला की या वर्षी डिंक जास्त, पुढच्या वर्षी झाड वाळलेले. इथेफॉन नावाचे रसायन खोडात टोचले की डिंक कितीतरी पटींनी वाहतो; मात्रा चुकली तर झाड दगावते. रांचीच्या ज्या संस्थेची सुरुवात १९२४ मध्ये लाखेच्या संशोधनासाठी झाली, तिच्या नावात २००७ मध्ये डिंकही आला, आणि झाड न मारता डिंक कसा काढावा यावर तिथे काम झाले. हे ज्ञान कुऱ्हाड धरणाऱ्या हातापर्यंत पोचणे हाच खरा प्रश्न. घाईत खोल घाव घालणारा माणूस अडाणी असतो असे नाही. बहुतेक वेळा त्याला पैसे या आठवड्यात हवे असतात.

दरम्यान बाजारात डिंकाचा तुटवडा कुणाला जाणवत नाही, कारण तो बाहेरून येतो. नायजेरिया, चाड, सुदान येथून भारतात बाभूळवर्गीय डिंक येतो. सुदानचा कोर्डोफान प्रांत हे या डिंकाचे माहेरघर, आणि एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटले आहे. पुण्या-मुंबईत ‘घरगुती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाडवात कुठल्या देशाच्या झाडाची जखम आहे, हे लाडू वळणारीलाही माहीत नसते.

कालक्याच्या त्या दुकानदाराला मी शेवटी विचारले, तुमचा हा लाडवांचा गोंद कुठून येतो? त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, “दिल्ली से, माताजी.” खारी बावलीच्या पलीकडचा रस्ता त्याच्या हिशोबात नव्हता. मी अर्धा किलो घेतला. घरी तूप तापवले. पहिला खडा टाकला, तो क्षणभर तळाशी थांबला, मग कुरकुरत वर आला आणि दुप्पट-तिप्पट होऊन पांढरा पडला. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “हा फुलला,” ती म्हणाली.

लाडू झाले, शेजारच्या आजींकडे एक डबा गेला. त्या रात्री मी आईची वही उघडली आणि तिच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिले: ‘धावड्याचा किंवा बाभळीचा. कतीरा नको, तो उन्हाळ्यात भिजवून घ्यावा. पळसाचा लाल डिंक थोडा चालतो, हे पंजाबी आजींकडून.’ थोडी जागा उरली होती, म्हणून आणखी एक ओळ घातली: ‘विकत घेताना कुठला आहे ते विचारावे.’ उत्तर मिळेलच असे नाही, पण आईच्या काळात हा प्रश्न विचारावा लागत नव्हता आणि माझ्या नातीच्या काळात तो विचारणारे कुणीतरी असायला हवे.